'श्यामची आई' आवडलं नाही असं वर्गात बोलले, आता काय करू?

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, बाकी शब्द तिचेच.

"ताई, मी नववीत आहे, दापोली तालुक्यात राहते. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला आमच्या वर्गात प्रत्येकाने एका पुस्तकावर बोलायचं होतं, सर म्हणाले मनापासून बोला. मी 'श्यामची आई' घेतलं आणि म्हणाले मला नाही आवडलं, बोअर आहे, सगळे सारखे रडतात. वर्ग हसला. सर म्हणाले ते कळायचं तुझं वय नाही, खाली बस. आमच्या शाळेची सहल साने गुरुजींच्या गावाला, पालगडला जाते त्यामुळे सगळ्यांना जास्तच लागलं असेल. घरी कळल्यावर आजी दोन दिवस बोलली नाही, म्हणाली आमच्याच संस्कारात काहीतरी कमी पडलं. खरं सांगू का, सगळंच नाही आवडलं असं नाहीये. श्यामला पाण्याची भीती वाटते तरी आई त्याला मारून पोहायला पाठवते आणि शेवटी आईचंच बरोबर निघतं ते मला अजिबात पटलं नाही. आणि कर्ज वडिलांनी केलं मग बोलणी आईने का खायची? पण हे मी बोललेच नाही, घाबरून बोअर एवढंच बोलले. मी आणि मैत्रिणीने 'आम्हाला न आवडलेली पुस्तकं' असं भित्तिपत्रक करायचं ठरवलं होतं, सर म्हणाले निगेटिव्ह नको. मैत्रीण म्हणते मग इन्स्टावर टाकू, ती तिथे पुस्तकांची रील करते. एका नवीन लेखिकेची तिने इतकी खेचली की खूप लाइक आले, पण ते बघून मला कसंतरीच झालं. ताई, न आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं की गप्प बसायचं? आणि बोलायचं तर कसं?"

अगं, आधी एक गोष्ट सांगून टाकते म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. तू काहीही वाईट केलेलं नाहीस. पुस्तक आवडणं न आवडणं कोणी ठरवून करत नाही, ते वाचता वाचता होतं, आणि सरांनी मनापासून बोला म्हटल्यावर तू मनापासून बोललीस एवढंच झालंय. 'माझे आवडते पुस्तक' हा निबंध आपल्याकडे कसा लिहिला जातो ते तुलाही माहितीये, गाईडमधून. लेखकाचा परिचय, थोडक्यात कथानक, आवडलेला प्रसंग आणि शेवटी मिळालेला बोध. आणि ते आवडतं पुस्तक बऱ्याचदा 'श्यामची आई'च असतं! म्हणजे पुस्तक न उघडता ते आवडतं असं लिहून मार्क मिळतात आणि खरंच वाचून नाही आवडलं म्हटलं की खाली बस. हे उलटं आहे आणि मला ते फार खटकतं. 'मला न आवडलेले पुस्तक' असा निबंध परीक्षेत यायला हवा खरं तर, तो कुठल्याच गाईडमधून उतरवता येणार नाही, कारण आपल्याला कुठे खुपलं ते दुसरं कोण लिहून देणार.

पण आता तुझ्या पत्रातल्या एका जागेवर मला जरा थांबायचंय. वर्गात तू म्हणालीस बोअर आहे, सगळे रडतात. आणि मला लिहिताना तू पोहण्याचा प्रसंग सांगितलास, कर्जाचं सांगितलंस. या दोन्हींत केवढा फरक आहे बघ. बोअर या शब्दावर कोणी काय बोलणार, समोरचा फक्त हसू शकतो किंवा चिडू शकतो, आणि तसंच झालं, वर्ग हसला आणि सर चिडले. पण तू जर उभं राहून म्हणाली असतीस की सर, श्याम घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने मारत विहिरीकडे पाठवते, मग तो पोहतो आणि सगळं गोड होतं, पण मला वाचताना त्या मुलाची भीतीच आठवत राहिली, ती भीती कोणी विचारलीच नाही, तर मला नाही वाटत वर्ग हसला असता. सर कदाचित तरीही चिडले असते. पण त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. आणि पंचवीस तरी मुलं मनात म्हणाली असती, हो यार.

मला स्वतःला तुझं हे म्हणणं फार महत्त्वाचं वाटतं. आई मारते आणि नंतर समजावते की लोकांनी माझ्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून मारलं, हे त्या काळात कोकणातल्या घरात कोणाला विचित्र वाटलं नसेल. तू ज्या शाळेत बसून ते वाचतेस त्या शाळेत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे, मानसिक त्रास द्यायलाही आहे. तू त्या काळातली नाहीस, तुला ते खुपणारच, खुपलं नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती. आणि दुसरा प्रश्न, कर्ज वडिलांचं आणि सावकाराची बोलणी आईच्या वाट्याला, घरावर जप्ती येते, ती आजारी पडते, झिजते आणि जाते, आणि आपण तिला थोर म्हणतो ते मुख्यतः ती सगळं सोसते म्हणून. एका नववीतल्या मुलीने हे वाचून विचारावं की का सोसायचं, तर हा त्या पुस्तकाचा अपमान कसा काय होतो? उलट त्या आईकडे माणूस म्हणून बघितलंस तू. तिच्या बाजूने उभी राहिलीस.

आता मी तुला एक-दोन गोष्टी सांगते त्या तुझं मत बदलावं म्हणून नाही हां, त्या तू मत मांडताना तुझ्या हाताशी असाव्यात म्हणून. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अगदी थोड्या दिवसांत, आणि ते छापून आलं 1935 मध्ये. त्यांची आई गेली 1917 मध्ये, तेव्हा ते अठराचेही नव्हते. म्हणजे तुरुंगात बसलेला तेहतीस वर्षांचा माणूस पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या आईच्या आठवणी लिहितोय, पुस्तकातला श्याम तर शिकायला घरापासून लांब गेलेला आणि शेवटी आईजवळ वेळेत पोचूही शकत नाही. बेचाळीस रात्री तो आपल्या सोबत्यांना आईच्या गोष्टी सांगतो. अशा माणसाच्या आठवणीत आई कधी चुकत नाही, आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नाही. तुला जे 'सारखं रडतात' वाटलं ते इथून आलंय. हे कळल्यावर तुला ते आवडायला लागेल असं अजिबात नाही, आणि आवडायलाच हवं असंही नाही. पण 'सगळे रडतात' याच्या जागी तू असं म्हणू शकशील की हे मुलाने लिहिलेलं आईचं पुस्तक आहे, यात आईचं बोलणंही श्यामच्याच तोंडून येतं, त्याला पोहायला पाठवताना तिला काय वाटलं ते आपल्याला श्याम सांगतो, ती नाही. बघ, न आवडणं तेच आहे, पण आता ते किती मोठं झालं.

आणि सर म्हणाले ना की तुझं कळायचं वय नाही, या वाक्याने मला राग येतो. मोठी झालीस की आवडेल हेही तसलंच वाक्य. कदाचित आवडेल, कदाचित मोठी झाल्यावर अजूनच नाही आवडणार, कोणी सांगितलंय. तू आत्ता वाचलंयस, आत्ताचं मत आत्ताच देणार. पुस्तक लहान मुलांना वाचायला द्यायचं आणि मत मात्र मोठं झाल्यावर मागायचं असं कसं चालेल?

बरं, मराठीत न आवडलेल्या पुस्तकांबद्दल बोलायची परंपराच नाही असं तुला वाटत असेल तर तसं मुळीच नाहीये, ती चांगली दीडशे वर्षांची आहे आणि तुझ्या मैत्रिणीसाठीही त्यात शिकण्यासारखं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला हे मासिक काढलं तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यांनी मोठमोठ्या लोकांची पुस्तकं फाडून काढली, लोकहितवादींना सोडलं नाही, जोतीराव फुल्यांना सोडलं नाही. भाषा त्यांची जबरदस्त होती, लोक आवडीने वाचायचे. पण फुल्यांवर लिहिताना त्यांनी काय केलं, तर भाषेतल्या आणि व्याकरणातल्या चुका काढून टर उडवली. फुले जे सांगत होते, शेतकऱ्याला आणि शूद्रातिशूद्रांना शिक्षणापासून कसं दूर ठेवलं, त्याच्याशी सरळ भिडायचं राहून गेलं. आज आपण फुले वाचतो तेव्हा ते व्याकरण कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आणि आता दुसरी बाजू बघ. 1885 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती, न्यायमूर्ती रानडे पुढाकार घेत होते, त्यांनी फुल्यांनाही बोलावलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला आणि कारण सांगितलं. त्याचा मथितार्थ असा की जे लोक माणसाला माणसाचे हक्क प्रत्यक्षात देत नाहीत त्यांच्या पुस्तकांचा आमच्या म्हणण्याशी मेळ बसत नाही, आम्ही काय भोगतो ते त्यांच्या पुस्तकांत येतच नाही, तर आम्ही आमचं बघून घेऊ. ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं आणि आजही मराठी साहित्याबद्दल कोणी गंभीरपणे बोलायला लागलं की त्याचा उल्लेख होतोच. फुल्यांना त्या लोकांची पुस्तकं आवडत नव्हती असं म्हणायला हरकत नाही, पण त्यांनी कोणाच्या व्याकरणाला हात लावला नाही, ते म्हणाले यात मी नाहीये, माझी माणसं नाहीयेत. तुझा कर्जाचा प्रश्न मला याच जातीचा वाटतो. यात आईची बाजू कुठेय, असं तू विचारतेयस.

तुझ्या मैत्रिणीला मी आचार्य अत्र्यांचंही सांगेन कारण तिला खेचायला आवडतं असं दिसतंय आणि त्यात काही पाप नाही. त्या वेळी पुण्यात रविकिरण मंडळाच्या कवींची चलती होती, आणि 1925 मध्ये अत्र्यांनी केशवकुमार नावाने 'झेंडूची फुले' काढून तेव्हाच्या कवितेची इतकी विडंबनं केली की लोक ती आजही म्हणतात. पण असं विडंबन करायला मूळ कविता किती वेळा वाचावी लागते सांग? त्यांची वृत्तं, त्यांचे ठरलेले शब्द, कुठे चंद्र येतो, कुठे हुंदका येतो, हे सगळं तोंडपाठ असल्याशिवाय ते जमत नाही. न आवडणाऱ्या गोष्टीवर एवढी मेहनत घेतली म्हणून ते टिकलं. रशियन लेखक टॉलस्टॉयचंही तसंच. 1906 मध्ये त्याने शेक्सपिअर मला कधीच आवडला नाही असा भला मोठा निबंध छापला, तेव्हा तो पंचाहत्तरीच्या पुढे होता आणि त्याआधी त्याने शेक्सपिअर रशियन, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांत पुन्हा पुन्हा वाचला होता. पुढे 1947 मध्ये इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने त्याला निबंध लिहूनच उत्तर दिलं. शेक्सपिअरचं काही बिघडलं नाही आणि टॉलस्टॉयचंही नाही, वाचणाऱ्यांना मात्र दोन चांगले निबंध मिळाले.

तर रीलबद्दल. तुला बघून कसंतरी झालं ना, त्या कसंतरीवर विश्वास ठेव. साने गुरुजींबद्दल तू काहीही बोललीस तरी त्यांचं काही बिघडणार नाही, ते पुस्तक नव्वद वर्षं लोक वाचतायत. पण ज्या लेखिकेचं पहिलं पुस्तक आत्ता आलंय तिची गोष्ट वेगळी आहे. मराठीत पुष्कळ पुस्तकांच्या हजार किंवा पाचशे प्रतींच्या आवृत्त्या निघतात, त्याही संपायला वर्षं लागतात, त्यामुळे एखादी रील चालली तर पुस्तक वाचलेल्यांपेक्षा ती रील बघितलेले लोक सहज जास्त होतात आणि त्यांच्यासाठी ते पुस्तक म्हणजे ती रीलच. म्हणून नवीन लेखिकेचं पुस्तक आवडलं नाही तर सांगूच नये असं मी म्हणत नाहीये, नक्की सांगावं, तिलाही उपयोग होईल. पण पुस्तकाबद्दल बोलावं. तिचा फोटो, तिचं दिसणं, तिचं बोलणं, तिला टॅग करून चिडवणं, खाली मित्रमैत्रिणींना कमेंट टाकायला लावणं, हे पुस्तकाबद्दलचं मत नाही. आणि दहा पानं वाचून एक स्टार देणं तर सरळ खोटं आहे, दहा पानं वाचली असतील तर दहाच वाचली आणि पुढे जाववलं नाही असं सांगावं, तेही कामाचं असतं, तिथे का थांबलीस तेवढं सांग फक्त. मैत्रिणीला हे तू सांग, मी सांगितलं तर उपदेश वाटेल. तिला विचार की ती लेखिका आपल्या वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसली तर हेच सगळं तू तिच्यासमोर म्हणशील का. जेवढं म्हणू शकशील तेवढं ठेव, बाकीचं काढ.

अर्धवट सोडण्यावरून आठवलं, तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना वाटतं की पुस्तक हातात घेतलं म्हणजे संपवलंच पाहिजे, आणि संपवता येत नाही म्हणून ती वाचणंच सोडून देतात. दानिएल पेनाक नावाचे एक फ्रेंच लेखक आहेत, ते शाळेत शिकवायचे, त्यांनी 1992 मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यातला पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. शाळेत शिकवणाऱ्या माणसाने हे लिहिलं हे मला फार आवडतं. तू पुस्तक सोडलंस तर वहीत पान नंबर टाकून ठेव आणि शेजारी एक ओळ, का सोडलं. भाषा जड होती का, की त्यात सगळ्या साहसी गोष्टी मुलंच करतायत आणि मुली डबा भरून देतायत म्हणून राग आला, की त्या आठवड्यात परीक्षा होती आणि डोकंच नव्हतं. शेवटच्या कारणात पुस्तकाचा काही दोष नाही आणि ते प्रामाणिकपणे वेगळं काढता यायला पाहिजे. मला तर वाटतं आपण कुठलं पुस्तक कुठल्या पानावर सोडलं त्याची वही ही आवडत्या पुस्तकांच्या यादीपेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगते.

आता सर. त्यांच्या बाजूनेही जरा बघू, कारण तुला त्याच शाळेत अजून दीड वर्ष काढायचंय आणि भित्तिपत्रक त्यांच्या परवानगीशिवाय लागणार नाही. मुळात मुलं वाचत नाहीत, कशीबशी पुस्तकाला हात लावतात, त्यात 'न आवडलेली पुस्तकं' असं मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलं तर बाकीची मुलं म्हणतील चला सुटलो, हे वाचायला नकोच. ही भीती खोटी नाहीये. आणि सगळीच मुलं तुझ्यासारखी वाचून बोलतील असंही नाही, अर्धी मुलं नुसतं बोअर, पकाऊ असं लिहून मोकळी होतील. म्हणून सरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एक पान आधी करून ने. तुझं 'श्यामची आई'वरचं, पोहण्याच्या प्रसंगाचं, वर्गात जे बोलायचं राहिलं ते. आणि त्याच्या शेजारी अशा कोणाचं तरी पान ज्याला ते पुस्तक खूप आवडतं, तोच प्रसंग, त्याला का आवडला. वर्गात असेल कोणीतरी, शोध. दोन्ही पानं एकाच प्रसंगावर. मथळाही बदलून टाक, 'न आवडलेली पुस्तकं'च्या जागी 'पटलं, नाही पटलं' असं काहीतरी. मग सरांना म्हण की सर, नियम आम्ही असा ठेवतोय की ज्याने लिहायचं त्याने किती पानं वाचली ते वर लिहायचं, एक तरी प्रसंग किंवा वाक्य पान नंबरसकट दाखवायचं, आणि हे पुस्तक कोणाला आवडू शकेल ते शेवटी सांगायचं. नुसतं बोअर लिहिलं तर पान परत. माझा अंदाज आहे सर असं पान बघून नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांनाही दिसेल की हे लिहायला पुस्तक वाचावं लागतंय, आणि जे वाचणार नाहीत तेसुद्धा भांडण बघायला भिंतीजवळ येतील आणि मग त्यातला एखादा लायब्ररीत जाऊन तो प्रसंग उघडून बघेल की नक्की कोणाचं खरं. सरांना एक पान लिहायला सांग हवं तर. त्यांनाही विद्यार्थी असताना एखादं पुस्तक नावडलं असेलच की.

तरी नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, वहीत करा, दोघी-तिघी मिळून वही फिरवा. हस्तलिखितं अशीच सुरू होतात. इन्स्टाची घाई नको, तिथे दोन पानं शेजारी शेजारी लावताच येत नाहीत, तिथे फक्त शेवटचं वाक्य पळतं.

आजीचं मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण तिथे तुला जास्त हळुवार व्हावं लागेल. आजीला तुझा राग पुस्तकामुळे आलाय असं मला वाटत नाही. तिच्या पिढीसाठी हे नुसतं पुस्तक नव्हतं गं. अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावर सिनेमा काढला, 1954 मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, गावोगावी लोकांनी तो बघितला आणि थेटरात रडले. पुस्तक घरात मोठ्याने वाचलं जायचं, एकजण वाचणार आणि बाकीचे ऐकणार, आणि ऐकणाऱ्यात अशा बायका असायच्या ज्यांनी स्वतः तेच सोसलेलं असायचं, कर्ज, जप्ती, सासरची बोलणी. त्यांच्याबद्दल कोणीतरी आदराने लिहिलंय हेच त्यांना पुरेसं होतं, इतकं की आपण सोसायला नको होतं असं म्हणायची सोयच नव्हती. तू 'सगळे रडतात' म्हणालीस तेव्हा तिला कदाचित तू तिच्या आईला हसलीस असं वाटलं असेल. हसण्याबद्दल, बोलायच्या पद्धतीबद्दल तू तिला सॉरी म्हण, त्यात तुझं काही कमी होत नाही. पण मत मागे घेऊ नकोस, ते मागे घेतलंस तर ती सॉरी पण खोटी होईल.

आणि मग तिला विचार, आजी तुला त्यातलं काय आठवतं? श्याम अंघोळीनंतर पायाला माती लागायला नको म्हणून हट्ट करतो आणि आई आपल्या लुगड्याचे ओचे पसरते, बहुतेक ती तेच सांगेल, बहुतेक सगळे तेच सांगतात. ऐक सगळं. मध्ये बोलू नकोस. मग तुझा प्रसंग काढ, पोहायचा. तिला विचार तुला लहानपणी मारून काही शिकवलं का, आणि तेव्हा तुला काय वाटलं होतं. आणि मग ते कर्जाचं विचार, की आईने का बोलणी खायची. मला असं वाटतं की या प्रश्नाचं उत्तर आजीकडे तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि ते तिला आजपर्यंत कोणी विचारलं नसेल. ती चिडेल कदाचित. कदाचित म्हणेल की मला पण ते कधी पटलं नव्हतं. मला खरंच माहीत नाही काय होईल, पण विचार.

भित्तिपत्रक लागलं तर दोन्ही पानांचा फोटो पाठव, फक्त तुझं नको. आणि आजी काही बोलली आणि तिची हरकत नसेल तर तेही लिही, मी नाव न देता इथे छापेन.